ब्रेकचा दिवा लागत नाही?

शेतकरी बंधूंनो, कांद्याचा ट्रक तळेगाव ढमढेऱ्याहून रात्री शिक्रापूरच्या हमरस्त्याला लागतो. ब्रेकचा दिवा बंद असेल तर तुम्ही थांबताय हे मागच्याला कळत नाही, अन् घात होतो. म्हणून निघण्यापूर्वी चाकांना दगड लावा आणि ब्रेक दाबून दुसऱ्याला बाजूने पाहायला सांगा.

एकच दिवा बंद? बल्ब पाहा. मागचा दिवा जळतो म्हणून बल्ब चांगला समजू नका. बहुतेक बल्बांत दोन तारा असतात. बल्ब ठीक असेल तर अर्थिंगचा गंज खरवडा.

दोन्ही बंद? आधी फ्यूज, मग ब्रेकचा स्विच. दोनच वायरी असतील तर चावी चालू ठेवून त्या क्षणभर जोडा. दिवे लागले तर स्विच बदला. फ्यूजऐवजी तार मात्र गुंडाळू नका, वायरिंग जळेल.