जहाजाच्या पाठीवरून आलेल्या नौका

लोणावळ्याच्या डोंगरांत नौदलाची 'आय. एन. एस. शिवाजी' ही यंत्रविद्येची शाळा १९४५ पासून चालत आली आहे. समुद्र घाटाखालीं दूर राहिला. पण यंत्र किती तास चालेल व किती तेल पिईल, हा तेथला नित्याचा हिशोब ज्यास कळला, त्यास पुढील हकीकत उमजण्यास अडचण पडणार नाहीं.

१९७१ च्या आरंभीं भारतानें सोव्हिएट रशियाकडून आठ क्षेपणास्त्र-नौका आणविल्या. लांबी सुमारें ३९ मीटर, वजन सुमारें १८० टन, पाठीवर चार क्षेपणास्त्रें. तीन डिझेल यंत्रांच्या बळावर त्या बाणासारख्या धांवत. परंतु अशा हलक्या व जोरकस यंत्रांचें आयुष्य बेताचें असतें, आणि तेलाचा सांठाही थोडाच. किनाऱ्याच्या रक्षणासाठीं घडविलेल्या या नौकांना महासागर ओलांडावयास लावणें म्हणजे शर्यतीचा घोडा नांगरास जुंपणें होय. म्हणून त्या मालवाहू जहाजांच्या डेकवर बसून आल्या. युक्ति जुनीच, दुसऱ्या महायुद्धांत ७२ फुटी बंदररक्षक मोटर-लाँचा याच रीतीनें दूरच्या बंदरांत पाठविल्या जात.

काम दिसतें तितकें सोपें नव्हे. पाण्यांत नौकेच्या तळाला सगळीकडून आधार मिळतो. डेकवर तो नाहींसा होतो. यासाठीं तळाच्या वळणाबरहुकूम केलेल्या पाळण्यांत ती बसवावी लागते, खालचा डेक टेकू देऊन भक्कम करावा लागतो, आणि पोलादी तारांनीं व साखळ्यांनीं ती चोहोंकडून जखडावी लागते. एक साखळी ढिली पडली तरी वादळांत एवढें धूड दोन्ही जहाजांचा घात करील. शिवाय भार उंचावर गेल्यानें जहाजाचा तोल कमी होतो. तो तळाशीं जड माल भरून सांवरतात. उचलतांना तळाखालून पट्टे घालतात. त्यांनीं नौकेच्या कुशी चेपूं नयेत म्हणून वर आडवी तुळई लावतात.

आणि नेमकें हें उचलणेंच अडलें. मुंबईस एवढें वजन पेलणारी यारी नव्हती! नौका कलकत्त्यास उतरविल्या, व तेथून दुसऱ्या जहाजांना दोरानें बांधून, सारें द्वीपकल्प वळसा घालून मुंबईस ओढीत आणल्या. ही गैरसोयच खरी. तथापि तींतून एक गोष्ट सिद्ध झाली: आपलीं यंत्रें न झिजवितां, आपलें तेल न जाळतां ही नौका दूरवर नेतां येते. मग मुंबईहून सुमारें ५०० सागरी मैलांवरील कराची तिच्या आवांक्याबाहेर कां मानावी? नौदलाच्या बेतांत हा विचार शिरला.

त्याच वर्षीं ४ डिसेंबरच्या रात्रीं 'निर्घात', 'निपात' व 'वीर' या तीन नौका, 'किल्तान' व 'कच्छाल' यांच्या सोबतीनें, कराचीवर चालून गेल्या. पथकाचे नायक कमांडर बब्रूभान यादव होते. पाकिस्तानची विनाशिका 'खैबर' व सुरुंग काढणारी 'मुहाफिज' बुडालीं. तिन्ही नौका सुखरूप परतल्या. पुढें ८ डिसेंबरच्या रात्रीं 'विनाश' ही एकटीच क्षेपणास्त्र-नौका 'तलवार' व 'त्रिशूल' यांच्यासह गेली, आणि केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या.