पार्सलावर छापलेला क्रमांक

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले, तेव्हा चर्चा झाली ती अडीचशे कोटी रुपयांच्या कमाल दंडाची. परंतु रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी, जेथे घराचा क्रमांक बहुधा ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्येच राहतो आणि लोकव्यवहारातला पत्ता म्हणजे ‘देवळामागे, अमक्यांच्या वाड्याशेजारी’ एवढाच असतो, तेथे या कायद्याची कसोटी पार्सलाच्या वेष्टनावर लागणार आहे.

अशा गावात मोबाइल क्रमांक हाच पत्ता होय. डिलिव्हरीवाला फाट्यावर येऊन फोन लावतो, म्हणून खोटा क्रमांक देऊन निभावत नाही. आणि तो खरा क्रमांक नाव, गाव व येणे रकमेसह चिठ्ठीवर छापला जाऊन, गोदामापासून उकिरड्यापर्यंत ज्याच्या त्याच्या नजरेस पडत जातो. मग एखादे दिवशी कोणी अनोळखी इसम सांगतो, “तुमचं पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही, *४०१* लावून पुढं हा नंबर दाबा.” तसे दाबताच आपले सारे कॉल त्या इसमाकडे वळतात आणि फोनवरून ऐकविला जाणारा ओटीपीही त्यालाच मिळतो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे आकडे दाबून कॉल वळविण्याची सोय बंद ठेवण्यास कंपन्यांना फर्माविले. तरी टपाल खात्याच्या नावाने ‘पत्ता अपूर्ण आहे’ असे बनावट संदेश धाडण्याचा उद्योग त्यानंतरही आढळला.

या कायद्याआधी माहितीच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मधील अहवालात माहिती घेणारा व देणारा यांचे नाते विश्वस्ताचे मानले होते. हा विचार मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण विश्वस्ताकडे सोपविलेली वस्तू काम संपताच परत करावयाची असते, आणि ती सांभाळण्याचा भार सोपविणाऱ्यावर नव्हे, तर स्वीकारणाऱ्यावर पडतो. नव्या नियमांनी मात्र दोन कोटींहून कमी नाहीत इतके नोंदणीकृत ग्राहक असलेल्या खरेदी-मंचांना, ग्राहक फिरकेनासा झाल्यावर माहिती पुसण्यास तीन वर्षांची मुदत दिली आहे. एका साडीच्या पार्सलासाठी घेतलेला क्रमांक इतका काळ दप्तरी ठेवण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. शिवाय कंपन्यांवरील मुख्य बंधने मे २०२७ मध्येच अमलात यावयाची आहेत.

तोवर खरेदीसाठी निराळे सिमकार्ड ठेवावे, बँकेशी जोडलेला क्रमांक तेथे देऊ नये, चिठ्ठी फाडूनच वेष्टन टाकावे. कॉल वळविले गेल्याचा संशय आल्यास ##००२# दाबून ते वळण रद्द करावे, आणि पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर फिर्याद नोंदवावी. पण ही सारी दक्षता एकट्या ग्राहकानेच का घ्यावी? ग्राहकाचा क्रमांक झाकून मधल्या क्रमांकावरून फोन जोडण्याची व्यवस्था अनेक टॅक्सी व खाद्यसेवा शहरांतून कैक वर्षे चालवीत आहेत. तीच व्यवस्था गावोगावच्या पार्सलांना सक्तीची करावी, आणि चिठ्ठीवर उघडा क्रमांक छापण्यास सरकारने सरळ मनाई करावी.