टेस्ट हिरवी, पण डेटाबेसचे काय?

जावाच्या वेब ॲप्लिकेशनची टेस्ट लिहिताना डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन कसे सांभाळायचे, ते आज पाहू.

समजा, सोसायटीच्या सभासद-नोंदणीचे ॲप्लिकेशन आहे. पहिली टेस्ट एक सभासद घालते. दुसरी तपासते की यादी रिकामी आहे. वेगवेगळ्या चालवल्या तर दोन्ही पास; पाठोपाठ चालवल्या तर दुसरी नापास. कोड ठीक आहे, पहिलीने मागे ठेवलेली नोंद नडली.

स्प्रिंगमध्ये उपाय सोपा आहे. टेस्टवर @ट्रान्झॅक्शनल लिहायचे. टेस्टआधी ट्रान्झॅक्शन सुरू होते आणि टेस्ट पास होवो वा नापास, शेवटी रोलबॅक होतो. तुमच्या सर्व्हिसचे ट्रान्झॅक्शनही एरवी याच बाहेरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होते, त्यामुळे तिथे वेगळे कमिट होत नाही.

पण तीन ठिकाणी फसगत होते. नीट लक्ष द्या.

पहिली, आणि सर्वांत घातक : हायबरनेट एसक्यूएल लगेच पाठवतेच असे नाही. आयडी सीक्वेन्सवरून घेत असाल, तर इन्सर्ट फ्लश होईपर्यंत थांबते. एकाच मोबाइल नंबरचे दोन सभासद सेव्ह करा. कॉलमवर युनिक बंधन असूनही टेस्ट पास होऊ शकते, कारण इन्सर्ट डेटाबेसपर्यंत पोचण्याआधीच रोलबॅक झाला. प्रत्यक्ष वापरात मात्र तोच कोड कमिटच्या वेळी कोसळेल. म्हणून सेव्हनंतर फ्लश करा. आयडीने नोंद परत वाचून तपासायची असेल तर क्लियरही करा, नाहीतर मेमरीतलाच ऑब्जेक्ट हाती येतो.

दुसरी : टेस्ट खऱ्या पोर्टवर सर्व्हर चालू करून एचटीटीपीने विनंती पाठवत असेल, तर सर्व्हरचे काम वेगळ्या थ्रेडवर चालते. त्याचे ट्रान्झॅक्शन स्वतंत्र असते. टेस्टचा रोलबॅक त्याला लागू होत नाही.

तिसरी : रिक्वायर्स-न्यू असलेली मेथड स्वतःचे ट्रान्झॅक्शन उघडून कमिट करते. तिची नोंद मागे उरते.

मग करायचे काय? बहुतेक टेस्ट रोलबॅकवर ठेवा. महत्त्वाच्या मोजक्या टेस्ट @ट्रान्झॅक्शनलशिवाय लिहा, खरे कमिट होऊ द्या आणि प्रत्येक टेस्टआधी टेबल रिकामी करा. आधीच का? मागची टेस्ट मध्येच बंद पडली, तर तिची शेवटची साफसफाई राहून जाते.

टेस्टचा हिरवा रंग ही खात्री आहे की नुसते समाधान, हे कमिटपर्यंत गेल्यावरच कळते. आपल्या प्रोजेक्टमधली एक टेस्ट आज उघडा, त्यात एक फ्लश घाला आणि ती हिरवीच राहते का, बघा.