हाड लवकर, कूर्चा उशिरा
कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. अशा प्रयोगशाळांत हाड आणि कूर्चा घडवणाऱ्या पेशींवर चालणारे काम बाहेरून पाहणाऱ्याला नवलाचे वाटले, तरी त्यातला मोठा वाटा निर्जंतुकता राखण्याचा आणि वाट पाहण्याचा असतो. या पेशी अस्थिमज्जेत, चरबीत आणि प्रसूतीनंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या लिबलिबीत गरात सापडतात. मज्जेत त्या लाख पेशींमागे जेमतेम एक ते दहा असल्याने त्या निवडण्यासाठी अलेक्झांडर फ्रीडेनस्टाईन यांनी 1970 च्या सुमारास रूढ केलेली युक्तीच आजही कामी येते: त्या प्लास्टिकच्या तळाला चिकटतात, रक्तपेशी मात्र तरंगत राहतात आणि पोषकद्रव बदलताना धुऊन निघतात. 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन दिवसांनी द्रव बदलत राहिले, की लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात.

केवळ चिकटणे हा पुरावा नव्हे, कारण त्वचेतील तंतुपेशीही चिकटतात; म्हणून 2006 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिने तपासली जातात आणि तिच्यापासून हाड, चरबी व कूर्चा तिन्ही घडतात का, हे पाहिले जाते. हाडाची परीक्षा त्यातल्या त्यात सोपी आहे. डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट पुरवणारे संयुग मिसळून सुमारे तीन आठवडे ठेवले, की साचलेले कॅल्शियम अ‍ॅलिझरिन रेड या रंगाने तांबडे होते. ती डिश छायाचित्रात देखणी दिसते, पण क्षार साचले म्हणजे हाड झाले असे नाही.

कूर्चेला सपाट तळ सहसा मानवत नाही. सुमारे अडीच लाख पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यांची बारीक गोळी करावी लागते, तिला टीजीएफ-बीटा हे वाढघटक प्रथिन द्यावे लागते, आणि मगच दाटीत सापडलेल्या पेशी पाणी धरून ठेवणारे प्रथिन-शर्करेचे जाळे विणू लागतात. खरी अडचण त्यापुढे येते: या पेशी कूर्चेच्या अवस्थेत थांबत नाहीत, तर फुगतात, दहाव्या प्रकारचे कोलॅजन बनवतात, आणि गोळी उंदराच्या त्वचेखाली रोवली तर तिच्यात चुना साचू लागतो. गर्भात लांब हाडे आधी कूर्चेची असून मग याच वाटेने हाड बनतात. गर्भातली ही शिस्त गुडघ्यात मात्र उपद्रवी ठरते.

तालमीत गुडघा दुखावलेल्या मल्लांच्या या शहरात प्रयोगशाळेतले यश आणि गुडघ्यावरचा उपचार यांतला फरक सांगितला जाणे अगत्याचे आहे, कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींच्या मान्य प्रत्यारोपणाखेरीज अन्य उपयोग मंजूर चिकित्सालयीन चाचणीपुरताच ठेवला होता.