हसदेवची वाट आणि मोबाइलचा पडदा

ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातले आदिवासी कोळसा खाणींविरुद्ध सुमारे 300 किलोमीटर चालत राजधानी रायपूरला आले. रायपूरच्या शंकर नगरसारख्या वस्तीत बसून एरवी कुणाला हे जंगल दिसणार? दूरच्या रानातलं धरणं सरकारला विसरता येतं, नुसता हॅशटॅगही सहज पचतो. अडचण होते ती दोन्ही एकत्र आल्यावर. ‘सेव्ह हसदेव’ या हॅशटॅगने झाडं वाचली नाहीत, हा आक्षेप खराच. डिसेंबर 2023 मध्ये तिथे पुन्हा तोड झालीच. पण जुलै 2022 मध्ये विधानसभेने हसदेवमधल्या खाणींविरुद्ध ठराव केला, तो ग्रामसभांच्या वर्षानुवर्षांच्या विरोधामुळे. तो विरोध राजधानीच्या नजरेआड होऊ दिला नाही, एवढं श्रेय मात्र फोनला द्यावंच लागेल.