ट्रकवरचं रडार : बनवायचं कसं आणि परवडवायचं कसं

मागच्या व्याख्यानात आपण प्रतिध्वनीवरून अंतर कसं मोजतात ते पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने सरळ प्रश्न टाकला होता : "तत्त्व जर नव्वद वर्षं जुनं आहे, तर लष्कराचं एक रडार एवढं महाग का?" आजचा सगळा वेळ आपण या प्रश्नाला देणार आहोत.

आधी आकडा बघू. मार्च 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी 'स्वाती' जातीच्या 12 रडारसाठी करार केला. रक्कम 990 कोटी रुपयांहून थोडी जास्त. भागाकार केला तर एका रडारला 80 कोटींच्या वर. आता हे रडार म्हणजे काही डोंगरावर बांधलेली इमारत नव्हे. ट्रकवर बसणारी वस्तू आहे. मग पैसे जातात कुठे?

पहिलं उत्तर निसर्गाकडून येतं. रात्री माळावर बॅटरी मारून बघा. अंतर दुप्पट झालं की समोरच्या वस्तूवर पडणारा उजेड चौथाई होतो. आपण तो उजेड डोळ्यांनी बघतो तेव्हा परतीच्या वाटेवरही तो असाच पसरतो, म्हणजे चौथाईचा चौथाई. रडारचंही तेच. म्हणून 40 किलोमीटर बघणाऱ्या रडारला 80 किलोमीटर बघायला लावायचं असेल, आणि बाकी काही बदलायचं नसेल, तर ताकद दुप्पट करून भागत नाही. 16 पट लागते. ताकद वाढली की जनरेटर मोठा, थंड करण्याची व्यवस्था मोठी, ट्रक मोठा. मागणीपत्रात कोणीतरी "पल्ला जरा वाढवा" असं लिहितं. त्या 'जरा'ची किंमत अशी असते.

आता हेच गणित उलटं करा. पल्ला निम्मा चालत असेल, तर सोळावा हिस्सा ताकद पुरते. 80 किलोमीटरच्या एका रडारऐवजी 40 किलोमीटरची चार ठेवली, तर क्षेत्रफळ कागदावर तेवढंच होतं आणि चारांची मिळून ताकद लागते फक्त पाव. वर्तुळं एकमेकांवर चढवावी लागतात, त्यामुळे चाराच्या जागी जरा जास्तच लागतील. शिवाय प्रत्येक रडारला माणसं, गाडी आणि डिझेल हवंच. म्हणजे हा फुकटचा सौदा नाही, पण विचार करण्यासारखा नक्कीच आहे.

त्यात पृथ्वी गोल आहे, हे रडार बनवणाऱ्याला रोज आठवावं लागतं. वातावरणात लहरी थोड्या वाकतात, ते धरून एक सोपा हिशेब करतात : अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ आणि विमानाच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्ही मीटरमध्ये, यांची बेरीज करून 4.12ने गुणायचं. अँटेना 9 मीटरवर आणि विमान 10,000 मीटरवर असेल तर उत्तर येतं सुमारे 424 किलोमीटर. तेच विमान 100 मीटरवरून आलं तर? 3 अधिक 10, म्हणजे 13, गुणिले 4.12, साधारण 54 किलोमीटर. त्याच्या पलीकडे ते क्षितिजाखाली असतं. मग तुमचं रडार हजार कोटींचं असो, त्याला ते दिसायचं नाही. ताशी 900 किलोमीटरने येणारं विमान हे 54 किलोमीटर साडेतीन मिनिटांच्या थोडं वर वेळात कापतं. बातमी द्यायला, निर्णय घ्यायला आणि तोफा वळवायला एवढाच वेळ. आणि मध्ये डोंगर असेल तर तोही नाही.

म्हणूनच बुटक्या पल्ल्याची, पुष्कळ, हलती रडार लागतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या एलआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने खालून येणारी विमानं टिपण्यासाठी 'इंद्र' बनवलं, आणि पुढे डोंगराळ भागासाठी 'भरणी' नावाचं हलकं रडार बनवलं. भरणीचा पल्ला 50 किलोमीटरच्या आसपास आहे. आता केलेला हिशेब आठवा, म्हणजे तो कमी का वाटत नाही ते लक्षात येईल.

पुष्कळ हवीत, म्हणजे पुष्कळ बनवता आली पाहिजेत. इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. तांब्याचा एक ठोकळा, त्यात गोलाकार मांडलेली भोकं. त्यातून दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी अशा ताकदीने निघाल्या की छोट्या अँटेनावर काम होऊ लागलं. त्याच वर्षी ब्रिटिशांनी तो अमेरिकेला नेऊन दिला. पण तो ठोकळा यंत्रावर कोरून काढावा लागे. भोकाचं माप किंचित चुकलं तरी लहरीची लांबी बदले, म्हणून कसबी कारागिराशिवाय काम होत नसे. दिवसाला अगदी थोडेच निघत. युद्धाला हे पुरणार नव्हतं.

रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा गृहस्थ होता. शाळा अर्धवट सुटलेली. मायक्रोवेव्ह ओव्हन पुढे यानेच शोधला, पण ते सोडा. त्याने सुचवलं की ठोकळा कोरायचाच कशाला? तांब्याच्या पातळ पत्र्यांत प्रेसवर तोच आकार पाडा, पत्र्यांमध्ये झाळकामाच्या चांदीच्या चकत्या ठेवा, थप्पी करा आणि भट्टीतून काढा. एका प्रेसमधून निघालेला प्रत्येक पत्रा दुसऱ्यासारखाच असतो. कसब कारागिराच्या हातातून साच्यात गेलं. उत्पादन दिवसाला 2,600पर्यंत पोचलं. मॅग्नेट्रॉनच्या तत्त्वात तसूभरही फरक पडलेला नव्हता.

त्या मॅग्नेट्रॉनवर एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीने एससीआर-584 हे तोफांना नेम देणारं रडार बांधलं. सगळं एका ट्रेलरमध्ये. सुमारे 1.8 मीटरची ताटली प्रवासात खाली पोटात जाई, मुक्कामी छतातून वर येई. ताटली फिरवणारा सांगाडा क्रायस्लर या मोटार कंपनीने बनवला. दीड हजारांहून जास्त ट्रेलर निघाले. 1944च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्ही-1 उडते बॉम्ब पाडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आम्हाला यातलं मोटार कंपनीचं नाव महत्त्वाचं वाटतं. ज्यांना गिअर हजारांनी कापायची सवय होती, त्यांच्याकडे ते काम गेलं.

आता स्वातीकडे परत येऊ. हे रडार विमान शोधत नाही. शत्रूने डागलेला तोफगोळा हवेत असताना ते त्याचा थोडा मार्ग टिपतं, त्यावरून मागे हिशेब करत जातं आणि तोफ कुठे उभी आहे ते सांगतं. 1999 साली कारगिलमध्ये पाकिस्तानकडे या कामाची अमेरिकी रडार होती. आपल्याकडे उखळी तोफांपुरती जुनी ब्रिटिश रडार होती. आपण अमेरिकी रडार घ्यायला निघालो होतो, पण 1998च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले. तो करार अखेर 2002 मध्ये झाला. म्हणजे पैसे खिशात असूनही, ज्या वर्षी वस्तू हवी होती त्या वर्षी ती मिळाली नाही. रडार महाग की स्वस्त, या चर्चेत ही किंमत कोणी धरत नाही.

घरचं रडार आलं ते थोडं योगायोगाने. 'आकाश' क्षेपणास्त्रासाठी 'राजेंद्र' रडारच्या चाचण्या ओडिशात चांदीपूरला चालू होत्या. शेजारच्या पल्ल्यावर तोफांची चाचणी होती, आणि राजेंद्रच्या पडद्यावर तोफगोळे दिसू लागले. त्याच तंत्रावर स्वाती उभं राहिलं. नवा पाया खणावा लागला नाही. हा स्वस्ताईचा सगळ्यात खात्रीचा मार्ग, आणि आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित.

राजेंद्रची अँटेना फिरत नाही, तिचा झोत विजेने वळतो. त्यासाठी सुमारे 4,000 कलाबदलक लागतात. कलाबदलक म्हणजे लहरीला नेमकं किती मागे-पुढे करायचं ते ठरवणारा छोटा सुटा भाग. ते आयआयटी दिल्लीत विकसित झाले आणि साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत बनू लागले. एका भागाचे हजार रुपये वाचले तर एका रडारमागे चाळीस लाख वाचतात! पण ते चारही हजार एकसारखे वागले पाहिजेत, राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीतही. खरा खर्च या तपासण्यांत आहे. नव्या रडारमध्ये प्रत्येक घटकाला स्वतःचा प्रक्षेपक असतो. चार-दोन बंद पडले तरी रडार चालू राहतं, पण सुट्या भागांचं बिल आणखी वाढतं.

ट्रकचाही खर्च मोजा. रडार बोलायला लागलं की शत्रूला ऐकू जातं, आणि त्या लहरींच्या मागावर येणारी क्षेपणास्त्रं आहेत. त्यामुळे बस्तान मांडणं आणि उचलणं मिनिटांत व्हावं लागतं. स्वाती अर्ध्या तासाच्या आत कामाला लागतं. जॅक टेकवायचे, पातळी साधायची, अँटेना उभारायची, सोबतच्या गाडीतून वीज घ्यायची. नुसत्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे जमत नाही. गॅरेजमधली अक्कल लागते.

आता संख्या. विमानांच्या कारखान्यांवरून 1936 साली टी. पी. राइट यांनी दाखवलं की नगसंख्या दर वेळी दुप्पट झाली की प्रत्येक नगामागची मजुरी साधारण 20 टक्क्यांनी उतरते. पहिला नग 100 धरा : दुसरा 80, चौथा 64, आठवा 51. बारा रडारची मागणी म्हणजे हात नुकता बसतोय तोवर काम संपलं. मग चार-पाच वर्षं शांतता. तोवर ती माणसं दुसऱ्या कामाला लागलेली, आणि पुढची मागणी पुन्हा 100पासून. 2020 साली आर्मेनियाने चार स्वाती घेतल्याची बातमी आली तेव्हा निर्यातीचं कौतुक झालं. आमच्या लेखी त्याहून मोलाची गोष्ट ही, की मधल्या काळात कारखान्याची ती ओळ थंड पडली नाही.

एक प्रश्न आलाय : "मग एकदम शंभर का घेत नाहीत?" चांगला प्रश्न आहे. पहिली अडचण पैशाची, ती उघड आहे. दुसरी अशी, की रडार पंचवीस-तीस वर्षं वापरतात आणि आतला प्रोसेसर चार-सहा वर्षांत बाजारातून जातो. शंभर एकदम घेतली तर शंभरांना एकाच वेळी म्हातारपण येतं. यावर काही ठिकाणी असं करतात : ट्रक, अँटेना, जनरेटर तेच ठेवायचे, आणि संगणकाचा भाग सरकवून काढता येईल असा वेगळ्या कप्प्यात बसवायचा. दर काही वर्षांनी तेवढाच कप्पा बदलायचा. त्यासाठी जोडणीची मापं पहिल्याच दिवशी ठरवून सर्व पुरवठादारांना उघड द्यावी लागतात. आमच्या अनुभवात तांत्रिक भाग लवकर मिटतो, भांडण होतं ते ही मापं कोणाच्या मालकीची यावर. त्या मालकीबद्दल पुढच्या वेळी बोलू.