तिसऱ्या मुंबईचा जमाखर्च

रायगड जिल्ह्यातील उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांमधील 124 गावांच्या सुमारे 323 चौरस किलोमीटर क्षेत्रावर कर्नाळा-साई-चिरनेर हे नवनगर वसवण्यासाठी राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. ‘तिसरी मुंबई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रस्तावाची चर्चा बहुधा जमिनीच्या भावाभोवती फिरते. परंतु नगर वसवण्याचा खर्च आणि ते चालवण्याचा खर्च या भिन्न बाबी असून, त्यांपैकी दुसरीचा विचार सहसा उशिरा होतो.

नवनगराचे उत्पन्न दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार एकदाच मिळणाऱ्या रकमांचा: विकसित भूखंडांची विक्री, बांधकाम परवानगीबरोबर आकारले जाणारे विकास शुल्क आणि अधिमूल्य, म्हणजे मूळ चटई क्षेत्र निर्देशांकापेक्षा (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठरलेल्या बांधकाम मर्यादेपेक्षा) जास्त बांधकाम करू देण्यासाठी घेतली जाणारी रक्कम. दुसरा प्रकार दरवर्षी येणाऱ्या मालमत्ता कराचा आणि पाणीपट्टीचा. घरांच्या खरेदी-विक्रीतून मिळणारे मुद्रांक शुल्क मुख्यतः राज्याच्या तिजोरीत जाते. खर्चाची मांडणी मात्र उलटी असते. रस्ते आणि जलवाहिन्या एकदा बांधल्या तरी त्यांची देखभाल, मलनिस्सारण, घनकचरा, दिवाबत्ती, शाळा आणि दवाखाने यांचा खर्च कायमचा असतो व नगर जुने होत जाते तसतसा तो वाढतो. त्यामुळे भूखंडविक्रीच्या काळात भरलेली दिसणारी तिजोरी नगराच्या आर्थिक प्रकृतीचा पुरावा ठरत नाही.

1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाने जवळच्याच नवी मुंबईत जमीन हेच भांडवल मानले. 95 गावांच्या परिसरातील जमीन संपादित करायची, विकसित करायची आणि तिच्या विक्रीतून पायाभूत सुविधांचा खर्च भागवायचा, हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. हे सूत्र बऱ्याच अंशी यशस्वी झाले, तरी मोबदल्याची खरी किंमत आरंभी धरली गेली नव्हती. 1984 च्या शेतकरी आंदोलनानंतर प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली आणि विक्रीयोग्य जमिनीचे गणित बदलले. पुढे 2016 मध्ये पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यावर सिडको वसाहतींतील रहिवाशांना मालमत्ता कराची देयके मागील कालावधीसह आली, तेव्हा त्याच काळात सिडकोला सेवाशुल्क भरल्याचे सांगून अनेकांनी दुहेरी आकारणीचा आक्षेप घेतला. विकास करणारी संस्था नगर केव्हा आणि कोणत्या स्थितीत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे सोपवणार, हे आधी ठरले नाही तर असा वाद अटळ ठरतो.

नगराचा दुसरा मोठा हिशेब वाहतुकीचा. तिचा भार केवळ लोकसंख्येवर ठरत नाही, तर घर आणि नोकरी यांच्यातील अंतरावर ठरतो. वाहतूक नियोजनात आधी किती प्रवास होतील, ते कोठून कोठे होतील, कोणत्या साधनाने होतील आणि शेवटी कोणत्या मार्गाने होतील, असा चार टप्प्यांचा अंदाज बांधतात. यांत निर्णायक असतो तो गर्दीचा तास, कारण रस्ता क्षमतेच्या जवळ भरत आला की थोड्याशा वाढीव वाहनांमुळेही विलंब झपाट्याने वाढतो. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या 21.8 किलोमीटर लांबीच्या, मुंबईला खाडीपलीकडच्या या भागाशी जोडणाऱ्या अटल सेतूला प्रत्येक दिशेने तीन मार्गिका आहेत. एका मार्गिकेतून तासाला साधारण दोन हजार मोटारी जातात असे धरले, तरी प्रत्येक मोटारीत एकच माणूस असल्यास तासाला सहा हजार माणसे पलीकडे पोचतील आणि तेवढ्या प्रवाशांना गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या दोन लोकल पुरतील. शिवाय सेतूवर पथकर असून दुचाकी आणि रिक्षांना तेथे प्रवेश नाही. या भागातील इतर रस्त्यांवर न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनर वाहनांचा ताण आधीपासून आहे, त्यात नवी मुंबई विमानतळाच्या वाहतुकीची भर पडते.

नवी मुंबईला ठाणे खाडीवरचा रस्तापूल 1973 मध्ये मिळाला, परंतु मानखुर्द-वाशी रेल्वे 1992 मध्ये सुरू झाली आणि तोवर नगराची वाढ मंद राहिली. त्या रेल्वेच्या खर्चातील 67 टक्के वाटा सिडकोने उचलला, म्हणजे जमिनीच्या उत्पन्नातून रेल्वे उभी राहिली आणि रेल्वेमुळे जमिनीचे मोल वाढले. दुसरीकडे, राज्याचे मंत्रालय बेलापूरला हलवण्याची मूळ कल्पना प्रत्यक्षात आली नाही आणि असंख्य रहिवाशांचा मुंबईकडे रोजचा प्रवास कायम राहिला. नेरूळ-उरण रेल्वे जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत पोचल्याने तिसऱ्या मुंबईचा आरंभ तुलनेने बरा असला, तरी 124 गावांच्या विस्तारात ही मार्गिका एक कडाच गाठते.

तेव्हा तिजोरी आणि रस्ता यांचे हिशेब परस्परांत गुंतलेले आहेत: रोजगार व रेल्वे घरांच्या मागून आली, तर रस्तारुंदीकरण आणि उड्डाणपूल यांवर पुन्हा सार्वजनिक पैसा ओतावा लागतो आणि तो भूखंडविक्रीच्या उत्पन्नातून कधीच वजा दाखवला जात नाही. म्हणून आराखड्याबरोबरच पुढील तीस वर्षांचा देखभालखर्च कोण व कोणत्या उत्पन्नातून भागवणार याचे विवरण प्रसिद्ध करणे, तसेच प्रत्येक टप्प्यातील भोगवटा प्रमाणपत्रे, म्हणजे इमारतीत राहण्याची परवानगी, त्या टप्प्यातील पाणी, रेल्वे आणि बससेवेच्या पूर्ततेशी बांधणे, या अटी घातल्या गेल्या, तरच जमिनी देणाऱ्या गावांना आणि घरे घेणाऱ्या कुटुंबांना या नगराची खरी किंमत आधी कळू शकेल.